यादीतून नाव काढताना

२४ एप्रिल २०१४ला मुंबईत लोकसभेचं मतदान झालं. शहरभर अनेक जण ओळखपत्र घेऊन केंद्रावर गेले आणि यादीत नाव नाही म्हणून परतले. आठवडाभर आधी पुण्यातही तेच घडलं होतं. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर माफी मागितली. हुकलेलं मत मात्र हुकलंच.

माझं काम डेटाबेसचं. त्यामुळे गेल्या तीस वर्षांतल्या मतदार याद्यांकडे पाहताना मला एकच प्रश्न दिसतो: नोंद कोणत्या मार्गाने काढली?

डेटाबेसमधून नोंदी काढायच्या तीन आज्ञा आहेत. डिलीट अट लावून एकेक ओळ काढतं, प्रत्येक ओळीची नोंद ठेवतं, आणि व्यवहार पक्का होईपर्यंत मागेही घेता येतं. ट्रंकेट सगळा तक्ता एका झटक्यात रिकामा करतं. ते वेगवान, पण ओळीगणिक हिशेब ठेवत नाही. ओरॅकलमध्ये ते मागे घेता येत नाही, पोस्टग्रेसमध्ये व्यवहार पक्का होण्याआधी येतं. ड्रॉप तर तक्ताच मोडून टाकतं. चौथी एक रीत आहे, आणि माझी पसंती तिलाच: ओळ जागेवर ठेवायची, फक्त ‘वगळली’ अशी खूण करायची.

आपल्या छापील मतदार यादीत ही रीत आहे. वगळलेलं नाव पुरवणीत कारणाच्या अक्षरासह येतं: मृतासाठी ई, स्थलांतरितासाठी एस, दुबार नावासाठी आर. चूक झाली तर कुठे झाली, हे त्यावरून शोधता येतं.

१९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्याला हात घातला. मुंबई आणि दिल्लीतल्या वस्त्यांमधल्या मतदारांकडे नागरिकत्वाचे पुरावे मागितले जात होते. आधीपासून यादीत असलेल्याचं नाव त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २२ देखील, मतदार तिथे राहत नाही म्हणून नाव काढताना, त्याचं ऐकून घ्यायला सांगतं. अट नीट तपासल्याशिवाय डिलीट चालवू नये, हा नियम आमच्या कामात शिकवावा लागतो; इथे तो कायद्यातच लिहिलेला आहे.

हा नियम सर्वात जास्त लागतो मुंबईतल्या वाकोल्यासारख्या ठिकाणी. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू, झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजनेत चाळ पडल्यावर संक्रमण शिबिरात गेलेली आणि काही वर्षांनी त्याच जागी परतणारी कुटुंबं. घराला कुलूप दिसलं म्हणजे माणूस कायमचा गेला, असा अर्थ इथे काढता येत नाही. त्यात २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघांच्या सीमाच बदलल्या; २००९ पासून विधानसभेसाठी इथल्या मतदारसंघाला कलिना हे नाव आलं. ओळी एका तक्त्यातून दुसऱ्यात नेताना प्रत्येक ओळ पोहोचली का, ते मोजून पाहावं लागतं.

सखोल पुनरीक्षणात घरोघर जाऊन यादी नव्याने बांधतात. ते ट्रंकेटच्या जवळचं आहे: आधीच्या यादीत असणं पुरेसं ठरत नाही. २०२५ मध्ये बिहारच्या मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली, तेव्हा १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती कारणांसह प्रसिद्ध करायला सांगितली. म्हणजे पुसलेल्या ओळींचा हिशेब मागितला.

वाकोल्यातल्या रहिवाशांनी मसुदा यादी आली की आधी वगळलेल्यांची यादी वाचावी. शिबिरात गेलेल्या शेजाऱ्याच्या नावापुढे ‘एस’ दिसलं, तर दावे-हरकतींची मुदत संपण्याआधी त्याला फोन करावा.