उपाशी यीस्ट काय बंद करतं?

मृग कोरडा गेला की शेतकरी बियाणं मातीत टाकायची घाई करत नाही. पाव फुगवणारं यीस्टही अन्न आटलं की असाच हात आखडता घेतं.

हा हात आखडतो तो मुख्यतः रायबोसोम घडवण्यात. पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. भरपूर साखर मिळालेली यीस्टची एक पेशी मिनिटाला सुमारे 2000 रायबोसोम घडवते. प्रत्येकात 79 प्रथिनं आणि आरएनएचे 4 रेणू असतात. वाढत्या पेशीत नव्यानं लिहिल्या जाणाऱ्या आरएनएपैकी सुमारे 60 टक्के आरएनए रायबोसोमसाठीच असतो. एवढा खर्च उपासमारीत चालू ठेवणं म्हणजे मरणच!

अन्नाची खबर ठेवतं ‘टॉर’ नावाचं प्रथिन. नायट्रोजन आणि साखर मिळत असेल तोवर ते जागं असतं. तुटवडा पडला की ते मंदावतं. मग रायबोसोमची जनुकं चालू ठेवणारं एसएफपी-1 हे प्रथिन केंद्रकातून बाहेर पडतं आणि त्या जनुकांचं काम थंडावतं. उलट माफ-1 हे दुसरं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि छोट्या आरएनएची निर्मिती रोखतं. हे सगळं काही मिनिटांत घडतं. मला यातला वेगच सर्वांत विलक्षण वाटतो. उपास लांबला, तर तयार रायबोसोमही मोडून त्यांचा माल पुन्हा वापरला जातो.

‘टॉर’ सापडलं ते रॅपामायसिन या औषधामुळे. ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटानं हे औषध वेगळं केलं. 1991 मध्ये यीस्टवरच्या प्रयोगांतून त्याचं लक्ष्य ‘टॉर’ असल्याचं कळलं. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांना आज हेच औषध देतात, कारण ‘टॉर’ माणसाच्या पेशीतही आहे.