तुरळक ठिकाणी, पण मुसळधार

बेंगळुरूतील मराठी घरांमध्ये 4 सप्टेंबर 2022 हा गौरीपूजनाचा दिवस होता. पुरणपोळीचा नैवेद्य झाला, आरत्या झाल्या आणि त्या रविवारी रात्री पावसाने जोर धरला. सोमवारी सकाळी साडेआठ वाजता शहराच्या वेधशाळेत मागील चोवीस तासांच्या पावसाची नोंद झाली, ती 131.6 मिलिमीटर. तोपर्यंत बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रस्ता या पूर्व आणि आग्नेय भागांतील वसाहतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले होते. आउटर रिंग रोडचा नाला झाला होता. संगणक कंपन्यांतील कर्मचारी ट्रॅक्टरवर उभे राहून कामावर निघाल्याची छायाचित्रे त्या आठवड्यात देशभर पाहिली गेली.

अशा दिवसांच्या हवामानपत्रकातील वाक्य ठरावीक साच्याचे असते : ‘दक्षिण अंतर्गत कर्नाटकात तुरळक ठिकाणी मुसळधार ते अति मुसळधार पाऊस पडण्याची शक्यता.’ ऐकणाऱ्याच्या कानात त्यातील ‘तुरळक’ तेवढा राहतो. तुरळक गर्दी म्हणजे थोडी गर्दी, तुरळक केस म्हणजे विरळ केस. तेव्हा तुरळक पाऊस म्हणजे शिडकावा, असा अर्थ घरोघरी लावला जातो आणि छत्री खुंटीलाच राहते. वस्तुतः हवामानखात्याने तो शब्द पावसाला लावलेलाच नसतो. तो ‘ठिकाणी’ या शब्दाला लावलेला असतो. पाऊस किती, हे ‘मुसळधार’ सांगते. तो किती ठिकाणी, हे ‘तुरळक’ सांगते. थोड्या जागी, पण धो धो, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ आहे.

या शब्दांना मोजमाप आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापक केंद्रांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल, तर ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात. पन्नास टक्क्यांपर्यंत ‘काही ठिकाणी’, पंचाहत्तरपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. आपले घर त्या पंचवीस टक्क्यांत आहे की उरलेल्या पंचाहत्तरांत, हे पत्रक सांगत नाही. मुंबईकरांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात 74 मिलिमीटरही भरला नाही. कुलाब्याच्या रहिवाशाला त्या दिवशी नेहमीचाच पावसाळा दिसला असेल.

विभागाचे नावही नीट ऐकण्याजोगे असते. हवामानखाते कर्नाटकाचे तीन विभाग मानते : किनारपट्टी, उत्तर अंतर्गत आणि दक्षिण अंतर्गत. बेंगळुरू शेवटच्या विभागात येते. ‘कर्नाटकाला रेड अलर्ट’ अशी ओळ दूरचित्रवाणीवर झळकली की पुण्या-साताऱ्याहून बेंगळुरूच्या लेकीसुनांना फोन सुरू होतात. पुष्कळदा तो इशारा मंगळूर, उडुपी, कारवारचा असतो आणि मध्ये अख्खा सह्याद्री उभा असतो. आता जिल्हावार इशारे मिळतात. त्यांत ‘बेंगळुरू शहर’ आणि ‘बेंगळुरू ग्रामीण’ असे दोन वेगळे जिल्हे आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी धांदल वाचते.

आता ‘मुसळधार’ म्हणजे किती ते पाहू. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस झाला तर तो मुसळधार, 115.6 ते 204.4 झाला तर अति मुसळधार आणि त्याहूनही अधिक झाला तर अत्यंत मुसळधार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. या हिशेबाने त्या गौरीपूजनाच्या रात्री हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर सुमारे बारा हजार दोनशे लिटर पाणी पडले, म्हणजे बारा हजार लिटरचा एक भरलेला टँकर. ज्या शहरात 2024च्या उन्हाळ्यात टँकरचे दर प्रशासनाला ठरवून द्यावे लागले, त्या शहरात हा हिशेब जरा बोचतोच.

तथापि या आकड्यात एक उणीव आहे आणि बँकेशी संबंध असणाऱ्यांना ती चटकन उमगेल. सकाळी साडेआठला नोंदलेला पाऊस ही दिवसअखेरची शिल्लक असते. दिवसभरात उलाढाल केव्हा आणि किती वेगाने झाली, हे शिलकेवरून कळत नाही. संथपणे दिवसभर पडलेले शंभर मिलिमीटर जमीन आणि गटारे बऱ्याच अंशी सोसतात. तेवढाच पाऊस दोन-तीन तासांत झाला तर रस्ते बुडतात. 2 जून 2024 रोजी बेंगळुरूत 111.1 मिलिमीटर पाऊस झाला. शहरात जून महिन्यातील एका दिवसाच्या पावसाचा 1891 पासूनचा उच्चांक त्याने मोडला, शेकडो झाडे आणि फांद्या कोसळल्या. परिभाषेत मात्र तो केवळ ‘मुसळधार’ ठरला. ‘अति मुसळधार’ होण्यास त्याला साडेचार मिलिमीटर कमी पडले.

त्याआधी वर्षभरापूर्वी, 21 मे 2023च्या रविवारी दुपारी, गारांसह आलेल्या वळवाच्या पावसाने के. आर. सर्कलचा भुयारी रस्ता भरून गेला. त्यात शिरलेल्या मोटारीत अडकून एका बावीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला. तो पाऊस काही दिवसभर चाललेला नव्हता. उतारावरचे पाणी सखल जागी जमण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा मात्र तो पडला.

या शहराचे पाणी असे वेगाने का धावते, याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, एका कण्यावर वसले आहे. पश्चिमेचे पाणी वृषभावतीच्या खोऱ्यातून अर्कावतीकडे व पुढे कावेरीला जाते. पूर्वेचे पाणी हेब्बाळ आणि कोरमंगला-चल्लघट्टा या खोऱ्यांतून दक्षिण पिनाकिनीकडे. या उतारांवर पूर्वजांनी तलावांच्या माळा गुंफल्या आणि ‘राजकालुवे’ नावाच्या मोठ्या नाल्यांनी त्या जोडल्या. वरचा तलाव भरला की खालचा भरत असे. आजचे मॅजेस्टिक बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर उभे आहे आणि कंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या. तलाव गेले, नाले अरुंद झाले. उतार तसाच राहिला. बेळ्ळंदूरचा तलाव अशाच एका खोऱ्याच्या खालच्या अंगाला आहे.

मार्च ते मे या काळात येथे पाऊस येतो तो बहुधा दुपार टळल्यावर. सकाळपासून तापलेली जमीन, बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांवरून आलेले बाष्प आणि मराठवाडा-विदर्भापासून कर्नाटकच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे पसरणारा कमी दाबाचा पट्टा, असे तिन्ही जुळून आले की काही तासांत ढगांचे मनोरे बारा-पंधरा किलोमीटर उंच जातात. अशा एका ढगाचा घेर काही किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराचे. तो जयनगरवर बरसेल की यलहंकावर, हे दोन दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही. म्हणूनच पुढील तीन तासांपुरता अंदाज, ज्याला ‘नाउकास्ट’ म्हणतात, तो येथे सर्वांत उपयोगाचा. यलहंका येथील राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकेही शहरभर विखुरलेली आहेत. त्यामुळे कोणत्या भागात किती पडला, हे त्याच दिवशी पाहता येते. वृत्तपत्रे प्रत्येक मोठ्या सरीला ‘ढगफुटी’ म्हणतात, ते मात्र सोडून द्यावे. साधारण वीस-तीस चौरस किलोमीटर क्षेत्रात एका तासात शंभर मिलिमीटर पाऊस, ही तिची कसोटी आहे.

‘शक्यता’ हा शब्दही मोजूनच वापरला जातो. खात्याच्या इंग्रजी पत्रकातील सर्वांत सौम्य होकार पंचवीस ते पन्नास टक्क्यांचा असतो. पंचाहत्तर टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच सर्वांत ठाम शब्द येतो. तीनदा ‘शक्यता’ वर्तवून पाऊस एकदाच आला, तर अंदाज चुकला नाही, बरोबर आला असे म्हणावे लागेल. रंगांचा अर्थ याहून सोपा आहे : हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरविताना पावसाच्या शक्यतेबरोबर त्याच्या परिणामांचाही विचार होतो, त्यामुळे रंगावरून मिलिमीटर काढू नयेत.

वादळांच्या नावांबाबत उलटा गैरसमज आहे. ‘डिप्रेशन’, ‘चक्रीवादळ’, ‘तीव्र चक्रीवादळ’ ही सारी चढण वाऱ्याच्या वेगावर आधारलेली आहे, पावसावर नाही. वारा ताशी 31 ते 49 किलोमीटर असतो तेव्हा ते डिप्रेशन. 62 किलोमीटरला चक्रीवादळ म्हणण्यास सुरुवात होते. ऑक्टोबर 2024 मध्ये बंगालच्या उपसागरात असेच एक साधे डिप्रेशन होते. 17 तारखेच्या पहाटे ते चेन्नईजवळ किनारा ओलांडून गेले. त्याचे नामकरण होण्याइतका वारा त्यात नव्हता, पण बेंगळुरूत 16 तारखेचा भारत-न्यूझीलंड कसोटीचा संपूर्ण पहिला दिवस पावसाने वाया गेला. दुसऱ्या दिवशी भारताचा डाव 46 धावांत आटोपला, त्याचा दोष मात्र हवामानखात्याकडे देता येत नाही. त्याच महिन्यातील पावसाने पुढे यलहंका भागातील केंद्रीय विहार संकुलात इतके पाणी भरले की रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले.

हे शब्द बँकेच्या कागदपत्रांतही भेटतात. रिझर्व्ह बँकेच्या 2021च्या सूचनांनुसार, ज्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झाल्या, आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भूकंप, पूर, वीज, वादळ यांसारख्या नैसर्गिक आपत्तीने झालेल्या हानीला मात्र बँक जबाबदार नसते. आवारास अशा आपत्तीपासून जपण्याची योग्य काळजी तिने घ्यावयाची असते. ग्राहकाने एवढे करावे : मूळ दस्तऐवज, खरेदीखते, मुदत ठेवींच्या पावत्या लॉकरमध्ये ठेवताना त्या जलरोधक पाकिटात घालाव्यात आणि त्यांच्या प्रती अन्यत्र असाव्यात. मोटारीच्या विम्याचेही तसेच. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत इंजिन निकामी झाले, तर इंजिनसंरक्षणाची जादा जोड घेतलेली नसल्यास दावा बहुधा नाकारला जातो. अशी गाडी ढकलत न्यावी, किल्ली फिरवू नये.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंद म्हणजे वीज साधारण एक किलोमीटरवर. अंतर तीस सेकंदांच्या आत आले की गच्चीवरून, झाडाखालून आणि मैदानातून घरात यावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये.

घरातील वडीलधाऱ्यांची परिभाषा याहून जुनी आहे. मृग, आर्द्रा, हस्त अशी नक्षत्रांवरून पाऊस मोजण्याची रीत महाराष्ट्राइतकीच कर्नाटकातही रूढ आहे. त्या रीतीत मिलिमीटर नाहीत की टक्के नाहीत. तरीही बेंगळुरूच्या वेधशाळेत ऑक्टोबरमधील एका दिवसाच्या पावसाचा जो उच्चांक आहे, 178.9 मिलिमीटरचा, तो 1 ऑक्टोबर 1997 चा. आणि सूर्य त्या दिवसांत हस्त नक्षत्रात असतो.