मजकुरात नसलेला कोल्हा

यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर तालुक्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर (वस्त्यांवर) अनेक मुलं घरी कोलामी बोलतात. पुस्तकी मराठी त्यांना शाळेतच भेटते. अशा मुलांसाठी पुस्तकातल्या चित्राने शब्दाचाच अर्थ दाखवावा, असं कुणी म्हणेल. शब्दओळखीपुरतं ते ठीक. गोष्टीत मात्र चित्र वेगळं काही सांगू लागलं, की मुलाला बोलायला कारण मिळतं. पॅट हचिन्स यांच्या १९६८च्या ‘रोझीज वॉक’ या चित्रपुस्तकात कोंबडी फेरफटक्याला निघते, तिच्या मागावरच्या कोल्ह्याचा मजकुरात उल्लेखच नाही, तो फक्त चित्रांत. म्हणजे मजकूर ज्याबद्दल गप्प राहतो ते मूल सांगतं, आणि त्यासाठी कोलामीही चालते. अशाने मुलं गोंधळतील ही भीती (बहुधा मोठ्यांचीच) मला पटत नाही. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी लेखिकाच चित्रकार असली, तर शब्दांतून काय गाळायचं हे एकाच हाताला ठरवता येतं.