पुठ्ठ्याची खुर्ची

किराणा दुकानातून आणलेल्या खोक्यांचा पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रे आणि मैद्याची खळ. एवढ्या सामानात चार वर्षांच्या मुलाला पेलणारी खुर्ची तयार होते. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवायचे, वजनाखाली दाबून ठेवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि वरून कागदाच्या पट्ट्या चिकटवून कडा बुजवायच्या. बेव्हिल पॅकर यांनी झिम्बाब्वेत हे तंत्र रुजवले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलांसाठी त्याचा विशेष उपयोग होतो.

खुर्ची दिसायला साधी असली, तरी मापाला चुकली की सगळी मेहनत पाण्यात. मूल बसले की कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात यावे लागतात, पावले सपाट टेकावी लागतात. पाय लोंबकळले तर मुलाची सारी शक्ती तोल सांभाळण्यातच खर्च होते. मग हात कशाला मोकळे राहणार? बालविकास शिकणाऱ्या विद्यार्थिनीने हे पुस्तकात वाचलेले असते. ते खरे उमगते, ती टेप घेऊन त्या मुलासमोर जमिनीवर बसते तेव्हा.

अशा शिकण्याला सर्व्हिस लर्निंग म्हणतात. मराठीत सेवेतून शिक्षण म्हणता येईल. अमेरिकेत १९६७ च्या सुमारास रॉबर्ट सिग्मन आणि विल्यम रॅम्से यांनी हा शब्द वापरात आणला. आपल्याकडे महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते, हे महाविद्यालयात गेलेल्या अनेकांना आठवत असेल. सर्व्हिस लर्निंगमध्ये तासांच्या जोडीने आणखी दोन गोष्टी लागतात. काम अभ्यासक्रमातल्या विषयाशी बांधलेले असते, आणि काम संपल्यावर त्यावर लिहावे, बोलावे लागते. आता महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांतही समुदायासोबतच्या कामाला श्रेयांक मिळू लागले आहेत. त्यामुळे विद्यार्थ्यांनी बालवाडीत जाऊन नेमके काय करावे, हा प्रश्न आता अगदी रोजच्या व्यवहाराचा झाला आहे.

आणि या वयोगटाकडे लक्ष देण्याची गरज मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची २० लाखांहून अधिक मुले दिव्यांग म्हणून नोंदली गेली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली. पण मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १८ वयासाठी. तीन ते सहा हीच वर्षे बाहेर राहिली, जेव्हा मूल बोलायला, खेळायला, चार मुलांत मिसळायला शिकते. मुंबईत १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया, म्हणजे आजची 'अडॅप्ट', स्थापन करणाऱ्या डॉ. मिठू अलूर यांनी आपल्या संशोधनात नेमके यावरच बोट ठेवले होते. एकात्मिक बालविकास योजनेत अशी मुले दिसतच नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे त्यांच्या संस्थेने धारावीतल्या वस्त्यांमध्ये दिव्यांग मुलांना इतर मुलांसोबत शिकवण्याचे काम उभे केले. अंगणवाड्यांतल्या दिव्यांग मुलांसाठी केंद्र सरकारची कार्यपद्धती यायला मात्र नोव्हेंबर २०२३ उजाडले.

कागदावरची कार्यपद्धती वर्गात उतरते ती खुर्ची, चित्रांचा तक्ता, जाड मुठीचा चमचा अशा वस्तूंमधून. आणि थोडे थांबता येण्यातून.

हे थांबणे नव्या विद्यार्थिनीला, म्हणजे मुलांच्या ताईला, सगळ्यात जड जाते. चित्रांच्या तक्त्यावर दूध आणि पाणी अशी दोन चित्रे आहेत. "काय हवं?" असे विचारल्यावर मुलीचा हात हलू लागतो, पण स्नायू ताठरलेले असल्यामुळे तो वाट चुकतो, मागे येतो, पुन्हा निघतो. इतर मुलांचे पेले एव्हाना रिकामे झालेले असतात. ताईला राहवत नाही, ती पेला उचलते. बालवाडीच्या जाणत्या बाई तिला तिथेच अडवतात. मनात दहा आकडे मोजायचे, मुलगी अजून प्रयत्न करत असेल तर पुन्हा दहा. अकराव्या आकड्याला बोट पाण्यावर टेकले, तर तो त्या मुलीचा निर्णय असतो. ताईने आधीच दूध पुढे केले असते, तर तो कुणालाच कळला नसता.

संध्याकाळच्या वहीत ताई लिहिते, "आज मी तिला चपला घालून दिल्या." समासात बाईंचा प्रश्न येतो, "तिला एक तरी स्वतः घालता आली असती का?" प्रामाणिक उत्तर शोधायला दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात जाऊन बघावेच लागते.

सेवा या शब्दाला आपल्याकडे पुण्याचा वास आहे, आणि पुण्यामागोमाग "बिच्चारी" येतेच. चार वर्षांची मुले हा शब्द मोठ्यांकडून पटकन उचलतात. म्हणून सर्वसमावेशक बालवाडीत सेवेची कामे मुलांनाही वाटून द्यावीत, आणि दिव्यांग मुलांना त्यातून मुळीच वगळू नये. पुठ्ठ्याच्या खुर्चीत नीट बसलेल्या मुलीचे हात मोकळे झाले, की तिच्या मांडीवर चमच्यांची टोपली देता येते. खाऊच्या वेळी सगळा वर्ग तिच्यासमोर रांग लावतो. एखादा चमचा खाली पडतो, मागचा मुलगा उचलून टोपलीत टाकतो. पण वाढप तिचेच असते.

मुले एकमेकांसाठी असे काम करू शकतात, याचा अनुभव जुना आहे. पश्चिम मेक्सिकोतल्या आखोया गावात डेव्हिड वर्नर यांनी 'चाइल्ड टू चाइल्ड', म्हणजे मुलांनीच मुलांना मदत करण्याच्या पद्धतीचे उपक्रम केले. वर्नर यांना स्वतःलाच स्नायू दुबळे करणारा आनुवंशिक आजार होता. एखाद्या मुलाच्या पायाला काठी बांधून गुडघा ताठ करायचा, त्याला इतरांबरोबर पळायला लावायचे, आणि मग कसे वाटले ते विचारायचे, असा त्यांचा एक खेळ असे. खेळ परिणामकारक आहे. पण तो एवढ्यावरच थांबला तर मुलांच्या हाती केवळ दया लागते. ज्याचा पाय खरोखर ताठ आहे, त्या मुलाला कोणता खेळ आवडतो आणि तो कसा खेळतो, हेही त्यालाच विचारायला हवे.

विद्यार्थ्यांच्या अशा कामात धोकेही आहेत, आणि ते वरवरचे नाहीत. आठ आठवडे रोज येणारी ताई एका सोमवारी यायची बंद झाली, तर मुले दाराकडे पाहत बसतात. स्वमग्न मुलाला तर माणसे आणि दिनक्रम ओळखीचे असले, की मोठा आधार वाटतो. त्यामुळे निरोपाची तयारी पहिल्याच आठवड्यात सुरू व्हायला हवी. भिंतीवर ताईच्या फोटोखाली आठ चिठ्ठ्या लावायच्या आणि दर शुक्रवारी मुलांनीच एक काढायची. अहवालासाठी मुलांना मांडीवर घेऊन फोटो काढण्याची पद्धत मात्र बंद व्हावी. पालकांना न विचारता तर कोणताच फोटो काढू नये.

शेवटच्या दिवशी ताईने मागे काय ठेवायचे, हेही ठरलेले असावे. खुर्ची राहते. तिच्या पाठीमागे मुलीची मापे लिहिलेला कागद चिकटवलेला असतो: टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, आणि खाली तारीख. या वयात मुले भराभर वाढतात. वर्षभरात तीच खुर्ची लहान पडते आणि दुसऱ्या एखाद्या मुलाकडे जाते. तोवर नवी तुकडी टेप आणि खोकी घेऊन दाराशी आलेली असते, आणि टाच कुठे धरायची हे ती मुलगी त्यांना स्वतः दाखवते.