वन्समोअरचा मुलूख

मुंबईत ग्रँट रोडच्या परिसरात एका वस्तीला आजही पिला हाऊस म्हणतात. मूळ शब्द ‘प्ले हाऊस’. ओळीने नाटकगृहे होती म्हणून हे नाव पडले. त्या भागातले आद्य ग्रँट रोड थिएटर 1846 साली उघडले, तेही नाना शंकरशेटांच्या जागेवर. बांधले इंग्रजी नाटकांसाठी, पण नुसत्या साहेबलोकांवर ते चालेना. 1853 साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी तिथे तिकीट लावून मराठी खेळ केले, आणि त्याच वर्षी पारशी मंडळीही त्या रंगभूमीवर आली.

त्याच सुमारास, 1852 साली, लंडनमध्ये कँटरबरी हॉल सुरू झाला. टेबलावर खाणेपिणे चाललेले आणि समोर गाणी, नकला, कसरती. एका तिकिटात दहा जिनसा! यालाच म्युझिक हॉल म्हणत. पुढे व्हरायटी हा शब्द रूढ झाला. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस, ज्याचे उद्घाटन 1911 साली पंचम जॉर्जच्या हस्ते झाले, ते उभारण्यात पुढाकार घेणारा मॉरिस बँडमन हा असलेच करमणुकीचे ताफे पूर्वेकडच्या देशांत फिरवणारा व्यावसायिक होता. पुढे त्याच रंगमंचावर बालगंधर्व गायले.

असा हॉल आपल्या बेळगाव-निपाणीकडे रुजला का? इमारत म्हणून नाही. पण त्याची भूक आपल्या नाटकाने भागवली, असे माझे मत आहे. जुन्या मंडळ्या पौराणिक आख्यान संपले की फार्स करीत. राक्षसांची आरडाओरड, देवांची भाषणे आणि शेवटी पोटभर हसू. प्रेक्षकाला सगळेच हवे असे.

हे सगळे एका धाग्यात ओवले ते आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म 31 मार्च 1843 रोजी गुर्लहोसूरचा. पारशी कंपनीचे ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे सांगतात. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आले. आता सूत्रधार पडद्याच्या कडेला उभा राहून सगळ्यांसाठी गात नव्हता. पात्र स्वतः बोले आणि स्वतःच गाई. चालींमध्ये कीर्तन, लावणी, साकी, दिंडी तर होतीच, शिवाय कानडी चालीही होत्या. लहानपणी कानावर पडलेले असे कुठे जात नसते.

इथे जरा थांबतो. आज सीमेवर आपण जी रेघ पाहतो, ती या मंडळ्यांना दिसतच नव्हती. सांगलीत कर्नाटकातून भागवत मंडळी खेळ करायला आली. तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसेच काही करण्यास सांगितले, आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ झाले. मग मराठी मंडळ्या धारवाड-हुबळीकडे इतक्या लोकप्रिय झाल्या, की गदगच्या शांतकवींना कन्नड नाटकमंडळी काढावीशी वाटली. केशवराव भोसले कोल्हापूरचे, पण त्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली ती 1 जानेवारी 1908 रोजी हुबळीत. देणे कुणाचे आणि घेणे कुणाचे, याचा हिशेब लावू गेल्यास वही पुरणार नाही.

व्हरायटीचा खरा अंश म्हणजे वन्समोअर. शब्द इंग्रजी, हट्ट आपला. पद आवडले की शकुंतला दुष्यंताला विसरून तेच पुन्हा गाई, तिसऱ्यांदाही गाई, आणि कथा बाजूला ताटकळत बसे. टीकाकारांनी याला नावे ठेवली. मला त्यात दोष दिसत नाही. लोक नाटक पाहायला जात तसे मैफल ऐकायलाही जात, आणि तिकीट एकच होते. खेळ उजाडेपर्यंत चालत. आम्हा जैनांच्या घरी सूर्यास्ताआधीच जेवणे उरकत, त्यामुळे पुढच्या जागा आमचीच माणसे धरत, असे वडील हसून सांगत.

पक्की नाटकगृहे थोडी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेले पॅलेस थिएटर 1915 साली उभे राहिले. पुढे त्याला केशवरावांचे नाव मिळाले. बाकी गावांत कापडी मांडव, नाहीतर पत्र्याचे थिएटर. 1931 साली ‘आलम आरा’ आला आणि गाणे पडद्यावरून ऐकू येऊ लागले. पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’मध्ये गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले. रंगभूमीचा गायक-नट पडद्यावर गेला, त्याच्यामागून प्रेक्षकही गेला. बऱ्याच नाटकगृहांत मग सिनेमाच लागू लागला.

केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. इमारत पुन्हा बांधता येते. पण जुनी हँडबिले, पदांची पुस्तके, कंपनीच्या मुक्कामाची पत्रे एकदा गेली की गेली. माझ्या दवाखान्यात नव्वदीचे रुग्ण येतात. गुडघ्याचे औषध घेता घेता एखादे पद अचूक म्हणून दाखवतात. ते कोणत्या मांडवात ऐकले, कुणी गायले, तिकीट किती होते, हे आता त्यांच्याखेरीज कुणाला विचारणार? आपल्या घरातल्या आजी-आजोबांना याच आठवड्यात विचारावे आणि लिहून ठेवावे. माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावी.