पाण्याची चावी

मुंबईत नळाला पाणी ‘येतें’ असें म्हणतात. नळांत पाणी ‘असतें’ असें कोणी म्हणत नाहीं. बोलण्यांतला हा फरक लहान खरा, पण शहराच्या पाणीपुरवठ्याचें सारें मर्म त्यांत आहे. गिरगांवांत पाणी येण्याची वेळ एक, दादरची दुसरी, परळ-लालबागची तिसरी. ही वेळ राखणारी वस्तु रस्त्यांतील लोखंडी झांकणाखालीं असते. शास्त्रीय परिभाषेंत ती झडप किंवा व्हॉल्व्ह. मुंबईकरांच्या तोंडीं ती चावी, आणि लांब लोखंडी दांड्यानें ती फिरविणारा महापालिकेचा कामगार तो चावीवाला.

मुंबईला तलावाचें पाणी नळानें मिळूं लागलें तें १८६० सालीं, विहार तलावामुळें. पुढें १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं तानसा यांची भर पडली. आज सात तलावांतून दररोज सुमारें ३८५ कोटि लिटर पाणी शहराला पुरविलें जातें. तरीहि सर्व विभागांचे नळ एकाच वेळीं सोडले तर दाब इतका उतरेल कीं, उंचावरच्या आणि शेवटच्या टोंकाच्या घरांना पाणी पोंचणार नाहीं. म्हणून एका विभागाची चावी मिटावयाची आणि दुसऱ्याची उघडावयाची, असा क्रम अहोरात्र चालतो.

चावी मिटली म्हणजे पाणी थांबलें, एवढेंच सामान्यतः मानलें जातें. परंतु गोष्ट तेथें संपत नाहीं. पाणी जोरानें वाहत असतें तोंवर नळाच्या आंतील दाब बाहेरच्यापेक्षां अधिक असतो. अशा वेळीं नळाला भोंक असलें तर पाणी झिरपून वाया जातें, पण बाहेरची घाण आंत शिरूं शकत नाहीं. चावी मिटल्यावर मात्र उरलेलें पाणी सखल भागाकडे व खालच्या मजल्यावरील तोट्यांकडे ओढलें जातें, नळ रिता होऊं लागतो, आणि मग तेंच भोंक बाहेरचें पाणी आंत शोषून घेतें. जुन्या वस्तींत पाण्याचा नळ व गटार पुष्कळदां शेजारींच असतात. कावीळ, विषमज्वर व पटकी यांना घरांत शिरावयास ही वाट पुरते. त्यांतून एखाद्यानें रस्त्याच्या नळाला थेट पंप लावला तर शोषण अधिकच वाढतें. पाणी त्याला आणि घाण शेजाऱ्याला, असा तो व्यवहार होतो.

यास्तव नळ सुटतांच येणारें पहिलें पाणी हंड्यांत न भरतां मोरी धुण्याकडे लावावें. पाण्याला रंग किंवा वास आला तर तें पिण्यास वापरूं नये, व महापालिकेला तत्काळ वर्दी द्यावी.

रस्त्यांतील चावीला नागरिकानें हात लावावयाचा नाहीं. पण इमारतीची मुख्य चावी ही तेथील रहिवाशांची जबाबदारी आहे. ती बहुधा मीटरजवळ असते आणि वर्षानुवर्षें कोणी न फिरविल्यामुळें गंजून बसते. वर्षांतून दोनदां, दसऱ्याला व गुढीपाडव्याला म्हणा, ती पूर्ण मिटून पूर्ण उघडावी. ती हळूहळू फिरवावी, कारण धांवतें पाणी एकदम अडविलें कीं त्याचा धक्का नळाच्या सांध्यांना बसतो. चक्राची चावी अर्धवट उघडी ठेवूं नये. वाहत्या पाण्यानें तिचा आंतील पडदा थरथरतो आणि झिजतो.

अपरात्रीं जिन्याखालचा नळ फुटला तर चावीवाल्याची वाट पाहण्यास अवकाश नसतो. ती चावी कोठें आहे, हें चाळींतील एकट्या भय्याला ठाऊक असून भागत नाहीं. अंधारांतहि कोणाहि बिऱ्हाडकरूचा हात नेमका तिच्यावर पडला पाहिजे.