डबा तसाच परत आला

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळच्या वेळी एक बिनतिकिटाचं टपाल चालायचं. अजूनही थोडंफार चालतं. राधानगरी, गारगोटी, पन्हाळ्याकडून येणाऱ्या एसटीतून कापडी पिशव्या उतरायच्या. पिशवीत कडीचा डबा, डब्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव, आत भाकरी, वांग्याचं कालवण, कोपऱ्यात खर्डा आणि फोडलेला कांदा. शहरात खोली करून शिकणारी पोरं यायची, आपली पिशवी उचलायची आणि कालचा रिकामा डबा त्याच गाडीत ठेवून कॉलेज गाठायची.

या टपालातलं खरं पत्र उलट्या दिशेनं जायचं, हे मला फार उशिरा उमगलं. गावात आई तो डबा घासण्याआधी उघडून बघायची. डबा पुसून खाल्लेला असेल तर पोरगं बरं आहे. भाकरी अर्धी उरली तर परीक्षा जवळ आली असेल. माझ्या ओळखीच्या एका माउलीनं सांगितलेलं अजून कानात आहे : "त्यो कांदा कधी ठेवीत न्हाई. चार दिवस कांदा तसाच परत आला, तवा म्या थोरल्याला म्हटलं, जा, त्याच्या खोलीवर जाऊन ये." थोरला गेला. धाकटा तीन दिवस कॉलेजला गेलाच नव्हता. डब्यापुरतं सोडलं तर दार लावून अंथरुणात पडून होता. पहिल्या सत्रात तीन विषय राहिले होते आणि ते घरी कसं सांगावं हे त्याला सुचत नव्हतं.

भाकरी नव्हे, कांदा! मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षं शिकून ज्या निष्कर्षाला येतात, तो त्या माउलीनं चुलीपाशी बसून काढला होता. कोण किती जेवतो, किती बोलतो, किती हसतो, याला सगळ्यांसाठी एकच माप नसतं. बघायचं ते माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक. अबोल पोरगा गप्प असेल तर त्यात काही नाही. गल्लीच्या मंडळात ढोल बडवणारा गप्प झाला, तर मात्र थांबून बघावं. पहिल्या बाकावरची मुलगी हळूहळू मागं सरकत दाराजवळ जाऊन बसते. प्रॅक्टिकलची वही कधी न चुकवणारा चार वेळा चुकवतो. कुणी आंघोळ सोडतो, कुणाचा 'लास्ट सीन' रोज पहाटे साडेतीनचा दिसायला लागतो. कुणी अंगातली आवडती जर्सी, जपलेली बॅट उगाचच वाटून टाकतो. हे शेवटचं लक्षण विशेष गंभीर. आणि कुणी चिडतो. त्रासलेला मुलगा रडवेलाच दिसेल असं नाही. बाकं आपटणारा, सरांना उलट बोलणारा, कँटीनमध्ये मारामारी करणाराही आतून तितकाच मोडलेला असू शकतो. पण रडणाऱ्याला रुमाल मिळतो, चिडणाऱ्याला नोटीस.

असा फरक एखाद-दुसरा दिवस सगळ्यांच्यात पडतो. दोन आठवडे उलटूनही तो हटत नसेल, तर डॉक्टरही त्याची दखल घेतात. जीव नकोसा झाल्याचं बोलणं मात्र एकदा कानावर आलं तरी पुरे. तिथं दोन आठवडे मोजत बसायचं नाही.

हे कॉलेजच्या वयातच इतकं का होतं? मोठ्या पाहण्यांमधून दिसलेली गोष्ट अशी की आयुष्यभरात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश आजारांची सुरुवात वयाच्या २४व्या वर्षाच्या आत होते. मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे घाईला लगाम घालणारा आणि 'उद्या बघू' म्हणणारा भाग, पंचविशीपर्यंत घडत असतो. भावना उसळवणारी यंत्रणा त्याच्या कितीतरी आधी पूर्ण जोरात चालू झालेली असते. इंजिन आलंय, ब्रेक अजून कारखान्यात आहे. आणि नेमक्या याच वयात आपण पोराची ट्रंक बांधतो आणि त्याचा कांदा ओळखणाऱ्या माणसापासून त्याला पन्नास किलोमीटर लांब नेऊन ठेवतो.

यावरचा उपाय शोधायला कोल्हापूरकराला फार लांब जायला नको. दसरा चौकात उभं राहावं आणि चहूबाजूला नजर फिरवावी. १९०१ साली मराठा आणि जैन, १९०६ साली मुस्लिम, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क अशी एकामागून एक बोर्डिंगं शाहू महाराजांच्या काळात या शहरात उभी राहिली. त्यांच्याकडे आपण शिक्षणाच्या प्रसाराची साधनं म्हणून बघतो, आणि ती होतीच. पण बोर्डिंगची रोजची घडण बघा : एकत्र पंगत, ठरलेली वेळ, हजेरी, रात्री एक फेरी मारणारा सुपरिंटेंडेंट. कुणाचं ताट रिकामं राहिलं हे कळल्यावाचून राहणार नाही, अशी ती रचना. लाल मातीतल्या तालमीतही हेच. पोरानं खुराक टाळला की वस्ताद आधी जोर थांबवतो आणि मग विचारतो.

या बोर्डिंगांमधलीच एक कथा मला पुन्हा पुन्हा आठवते. कुंभोजचा एक दांडगट मुलगा जैन बोर्डिंगात राहत होता. अभ्यासात यथातथाच, नियमांशी कायम वाकडं. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला, आणि परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ कर म्हटल्यावर त्यानं नकार दिला. बोर्डिंगातून त्याला काढून टाकलं. 'त्रासदायक विद्यार्थी' असा शिक्का बसायला आणखी काय लागतं? त्याला आसरा मिळाला तो थेट शाहू महाराजांच्या वाड्यात. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. पुढं १९१९ साली काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला नाव दिलं ते शाहू महाराजांचंच. त्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने तर मोडलेच, मंगळसूत्रही मोडलं. बोर्डिंगातून हाकललेल्या पोरानं बोर्डिंगंच उभी केली. 'हा सुधारणारा नव्हे' असं म्हणून कुणाची फाइल मिटवण्याआधी कोल्हापुरातल्या प्राचार्यांनी एवढं एक आठवावं, असं मला वाटतं.

आता दृश्य बदललंय. राजारामपुरीपासून विद्यापीठापर्यंत 'कॉट बेसिस'च्या पाट्या लागल्यात. एका खोलीत चार कॉट, चौघांचे चार क्लास, चार वेळा, चार मेस. शेजारचा जेवला का हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नसतं. पण ठाऊक असूनही माणसं हलत नाहीत, ही त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट आहे.

१९६८ साली जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून यंत्रावरून एकमेकांशी बोलत होते. मध्येच एकाला झटका आल्यासारखा आवाज येतो, तो मदत मागतो. आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नाही. हा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के जण झटका संपण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटणाऱ्यांत मात्र फक्त ३१ टक्के. न उठलेले निर्दय असतील म्हणावं, तर तेही नाही. प्रयोग करणारे आत आले तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे हात थरथरत होते. त्यांना काळजी होती, पण 'दुसरं कुणी गेलंच असेल' या वाक्यानं त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं होतं.

आता हॉस्टेलचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यासमोर आणा. सत्तर जण. रात्री एक जण लिहितो, 'बास झालं आता सगळं.' दोन रडके इमोजी, एक 'काय झालं भावा', मग कुणीतरी उद्याच्या सबमिशनचं विचारतो. सत्तरांपैकी प्रत्येकाला वाटतं, त्याचा रूममेट बघेल. रूममेट त्या दिवशी गावाला गेलेला असतो. या प्रयोगातून निघणारा उपाय इतका साधा आहे की हसू यावं : ज्यानं वाचलं त्यानं स्वतः जिना चढायचा. निदान ग्रुपवर न लिहिता एकाला नावानिशी फोन लावायचा, 'पक्या, तू जा, मी लाइनवर हाय.'

जिना चढून गेल्यावर काय बोलायचं? इथं बहुतेकांची जीभ अडते, कारण एक समज खोलवर बसलेला आहे. मरणाचं नाव काढलं तर नसलेला विचार डोक्यात यायचा. संशोधकांनी ही भीती तपासून पाहिली आहे, आणि एकदा नव्हे, अनेकदा. २००५ साली अमेरिकेत दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना जीव देण्याच्या विचारांबद्दल थेट विचारलं गेलं, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांचा त्रास वाढला नाही. उलट, आधीच खचलेल्या मुलांना विचारल्यावर थोडं हलकं वाटलं. कारण तो विचार आत असतोच, आणि त्याच्यासोबत एकटं असणं हेच अर्धं दुखणं असतं. तेव्हा, 'जगू नये असं वाटतंय का तुला?' असं शांतपणे विचारता येतं. 'असलं काही डोक्यात नाही ना?' असं मात्र विचारू नये. त्या 'नाही ना'मध्ये उत्तर आधीच भरलेलं असतं.

पण सुरुवात तिथून करायची नाही. आपली पोरं 'मी खचलोय' असं म्हणत नाहीत. 'डोकं चालंना', 'अन्न गोड लागंना', 'लई टेन्शन हाय', 'मूड न्हाई' असं म्हणतात. कुणाचं डोकं दुखतं, कुणाच्या पोटात गोळा येतो. त्याच शब्दांना धरून पुढं जावं : 'अन्न कधीपास्नं गोड लागंना?' मग थांबावं. मेंदूच्या चित्रणातून दिसलेली एक नवलाची गोष्ट अशी की मनातल्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची खळबळ कमी होते. म्हणजे समोरचा बोलत असताना उपचाराचा पहिला तुकडा सुरू झालेला असतो, आपण एकही सल्ला न देता. 'आमच्या वेळी कंदील होता' हे व्याख्यान त्या वेळी गिळावं. 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथही घेऊ नये. जिवाचा प्रश्न असेल तर सांगावंच लागेल, म्हणून आधीच म्हणावं, 'गरज पडली तर आपण दोघं मिळून कुणाला तरी सांगू.' आणि तशी वेळ आली तर त्याला एकटं सोडू नये.

ते 'कुणीतरी' आता शोधायला अवघड नाही. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीतही. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाला पोलिसांची भीती वाटायची, तेही बदललंय. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं ठरवलं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम केलं. २०२५च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे. हे सांगावं लागलं त्याला कारण आहे. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद झाली, आणि राज्यांच्या यादीत सर्वात वर महाराष्ट्र होता, १,७६४. समुपदेशकाची खोली बऱ्याच ठिकाणी ऑफिसच्या शेजारी, येणाराजाणारा बघेल अशी असते, हे जाता जाता सांगायला हवं. तिथं कोण जाईल?

सर्वात अजब गोष्ट मी शेवटी ठेवली आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे मनोविकारतज्ज्ञ जेरोम मोटो यांच्यापुढं १९७०च्या आसपास एक प्रश्न होता. जीव नकोसा होऊन रुग्णालयात आलेले काही रुग्ण घरी गेल्यावर पुढचे उपचार साफ नाकारत. अशा ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला काहीच नाही. दुसऱ्या गटातल्यांना मधूनमधून एक छोटं पत्र. पत्रात सल्ला नाही, औषध नाही, 'या' असा आग्रह नाही. तुमची आठवण आहे, बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, इतकंच. अशी २४ पत्रं, ५ वर्षांत. आधी महिन्याला, मग हळूहळू विरळ. पत्रं मिळालेल्या गटात जीव देणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या दोन वर्षांत स्पष्टपणे कमी राहिलं. पुढं ऑस्ट्रेलियात डॉक्टरांनी वर्षभरात ८ पोस्टकार्डं पाठवून पाहिली. पुन्हा स्वतःला इजा करून रुग्णालयात येण्याच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. सगळीकडं प्रत्येक वेळी असंच घडलं असं नाही, पण चार आण्याच्या कागदानं एवढं करावं, याचं उत्तर अजून पुरतं कुणाला देता आलेलं नाही.

त्या कांद्याच्या पोराची गोष्ट अर्धी राहिली. थोरल्या भावानं त्याला चार दिवस गावाकडं नेलं, मग तालुक्याच्या डॉक्टरांकडं, तिथून कोल्हापुरात मानसोपचारतज्ज्ञाकडं. औषधं सात-आठ महिने चालली. एक वर्ष वाया गेलं, पण पुढच्या वर्षी तिन्ही विषय सुटले. त्या काळात आईनं डब्यात चिठ्ठी वगैरे घातली का, असं मी मोटोंच्या नादात तिला विचारलं. तिला लिहायला येत नव्हतं. "चिठ्ठी कशापायी? दोन कांदं घालत हुते," ती म्हणाली, "एक त्येनं खायाचा, आन् एक शेजारच्या पोराला. म्हंजी शेजारचं पोरगं बी जेवायच्या टायमाला त्येच्या खोलीवर यील."